गोराई ते विल्होळी: कचऱ्यातल्या गॅसचा हिशेब

नाशिकच्या सातपूर कॉलनीत किंवा श्रमिकनगरात सकाळी घंटागाडीत रिकामी झालेली ओल्या कचऱ्याची बादली शहराच्या दुसऱ्या अंगाला, पाथर्डी-गौळाणे रस्त्यावरच्या खतप्रकल्पावर जाते. बादलीत भाजीची देठं, भाताची खरवड, चहाचा चोथा, काल रात्रीची उरलेली उसळ. कुजणं घरातच सुरू झालेलं असतं. या कचऱ्याला हवा मिळत राहिली तर त्याचं खत होतं. तो दाबला, त्यावर दुसरा ढीग टाकला आणि हवा कोंडली, की काही आठवड्यांत त्यातून मिथेन सुटायला लागतो. मिथेन म्हणजे शेगडीत जळणारा, बस ओढणारा, जनित्र फिरवणारा वायू. हाच वायू मोकळा सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. वीस वर्षांचाच हिशेब धरला तर हा आकडा ८० च्या आसपास जातो.

म्हणूनच "खतप्रकल्पावर एवढा ढीग पडलाय, त्यात नळ्या घाला आणि गॅस काढा" असं कुणी ना कुणी म्हणतं. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात तर हे बोलणं साहजिक आहे. इथे भट्ट्या आहेत, ओव्हन आहेत, बॉयलर आहेत आणि गॅस-विजेचं बिल हा प्रत्येक लहान कारखानदाराच्या काळजीचा विषय आहे. जगात शेकडो ठिकाणी कचऱ्याच्या डोंगरांतून गॅस काढून वापरतात, त्यामुळे हा सल्ला पोकळ म्हणता येणार नाही. तरीही गेल्या दोन दशकांतले महाराष्ट्रातले प्रयोग ओळीने मांडले की माझं मत एकाच दिशेने पक्कं होतं. आपल्या कचऱ्यातला गॅस डोंगर झाल्यावर पकडायला गेलं तर त्यातला बराचसा आधीच निसटलेला असतो. तो पकडायची जागा डोंगराच्या कितीतरी आधी, बंद टाकीत आहे. आणि त्या टाकीचा एक धडा नाशिकने आपल्याच हद्दीत गिरवलेला आहे.

आधी डोंगराच्या पोटात काय चालतं ते पाहू. कचरा पडतो तेव्हा त्याच्या फटींत हवा असते. ती काही दिवसांत संपते. मग आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात. ढीग आंबट होतो, त्यातून काळं, उग्र वासाचं पाणी गळू लागतं. त्याला प्रकल्पावरची माणसं लीचेट म्हणतात. आंबटपणा ओसरला की मिथेन करणारे जिवाणू जम बसवतात. स्थिरावलेल्या ढिगातून निघणाऱ्या गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शिवाय सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड थोड्या प्रमाणात असतो, आणि शाम्पू-क्रीमसारख्या वस्तूंतून आलेली सिलिकॉनची संयुगंही असतात. हायड्रोजन सल्फाइड इंजिनाचे भाग खातो. सिलिकॉन जळून त्याची वाळूसारखी पुटं सिलिंडरमध्ये चढतात. डोंगरातला गॅस इंजिनात घालायचा तर आधी तो धुऊन, सुकवून घ्यावा लागतो तो यासाठी.

गॅस काढण्याची पद्धत तशी सरळ आहे. डोंगराला वरून मातीचा आणि प्लॅस्टिकच्या जाड पत्र्याचा थर देऊन झाकायचं. ठरावीक अंतरावर बोअर घेऊन त्यात भोकं पाडलेल्या नळ्या सोडायच्या, भोवती खडी भरायची. सगळ्या नळ्या एका मोठ्या वाहिनीला जोडून ब्लोअरने गॅस ओढायचा. वापर करायचा नसेल तर फ्लेअरवर जाळून टाकायचा, करायचा असेल तर इंजिनाला द्यायचा. अवघड भाग ओढण्याच्या प्रमाणात आहे. कमी ओढलं तर गॅस झाकणाच्या कडेने निसटतो. जास्त ओढलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिथेन करणारे जिवाणू मरतात आणि ढीग आतून पेटू शकतो. पावसाळ्यात नळ्यांत लीचेट भरलं तर ती विहीर मुकीच होते. म्हणजे हे काम रोज लक्ष ठेवण्याचं आहे. यंत्र बसवून निघून जाण्याचं नाही.

ऊर्जेच्या आधी इथे सुरक्षेचा प्रश्न येतो, आणि आपल्याकडच्या चर्चेत तो नेहमी मागे पडतो. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या लोस्को गावात २४ मार्च १९८६ रोजी एक बंगला स्फोटात जमीनदोस्त झाला आणि घरातली तीन माणसं जखमी झाली. जवळच्या जुन्या कचराभूमीतला गॅस जमिनीतून सरकत घराखाली साठला होता. त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला आणि गॅस वर आला. आपल्याकडे १९२७ पासून चालू असलेल्या देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आठवा. तिचा धूर अवकाशातल्या उपग्रहांनी टिपला आणि मुंबई महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीतल्या मुलांनी तो धूर श्वासात घेतला. जुन्या ढिगातून गॅस काढण्याचं पहिलं कारण हे आहे. वीज हे दुसरं.

हा वायू कामी लावण्याचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतून गॅस गोळा करून तो दिव्यासाठी वापरला गेला. इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात सेप्टिक टँकच्या गॅसवर रस्त्याचे दिवे लागले ते १८९५ च्या सुमारास. म्हणजे आपण फार मागे नव्हतो. पुढे खेड्यापाड्यांत गोबरगॅस पोचला. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने स्वयंपाकघरातल्या उष्ट्या-खरकट्यावर चालणारं आटोपशीर संयंत्र बनवलं आणि २००६ मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र विकसित केलं. माथेरानसारख्या, मोटारी न चालणाऱ्या डोंगरावरच्या गावात त्याच्या गॅसपासून वीज करून रस्त्यावरचे दिवे लावले गेले. या सगळ्या धाग्यात एक गोष्ट समान आहे: गॅस बंद टाकीतून काढलेला आहे.

कचऱ्याच्या डोंगरातून गॅस काढण्याची वाट दुसरीकडून आली. कॅलिफोर्नियातल्या पालोस व्हर्डेस इथे १९७५ मध्ये असा गॅस शुद्ध करून वापरायला सुरुवात झाली. लॉस एंजलिसजवळच्या प्वेंते हिल्स या प्रचंड कचराभूमीवर सुमारे ५० मेगावॅटचा वीजप्रकल्प चालला. दक्षिण कोरियात इंचॉनजवळ सुदोकवॉन इथेही ५० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. हे आकडे वाचून आपल्याकडच्या नगरसेवकांपासून सल्लागारांपर्यंत सगळ्यांच्या आशा वाढल्या. पण या कचराभूमी थराथराने दाबून, झाकून, नळ्या घालून नीट चालवलेल्या होत्या. त्यांतल्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, लाकूड भरपूर होतं. ते सावकाश कुजतं, वर्षानुवर्षं गॅस देत राहतं. आपल्या बादलीतली मेथीची देठं तेवढी थांबत नाहीत.

गोराईची गोष्ट इथे नीट सांगायला हवी, कारण आपल्या राज्यातला या विषयातला तो सर्वांत मोठा आणि सर्वांत शिकवून जाणारा प्रयोग आहे. बोरिवलीच्या पश्चिमेला खाडीच्या काठी १९७२ पासून कचरा पडत होता. १९.६ हेक्टर जागेवर सुमारे २३ लाख ४० हजार टन कचरा आणि सरासरी २६ मीटर उंची. समोर वस्ती, मागे खारफुटी, भरतीला पाण्यात झिरपणारं लीचेट. बृहन्मुंबई महापालिकेने ही जागा शास्त्रीय पद्धतीने बंद करायचं ठरवलं आणि २००७ ते २००९ या काळात सुमारे ५० कोटी रुपये खर्चून ते काम झालं. ढिगाचे उतार नीट केले, वर झाकण घातलं, गॅसच्या विहिरी खोदल्या, फ्लेअर बसवला, वर हिरवळ लावली. आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीने पुढे मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटच्या बदल्यात आगाऊ पैसे दिले. मिथेन जाळून दहा वर्षांत बारा लाखांच्या आसपास क्रेडिट मिळतील असा अंदाज होता. पुढे त्याच गॅसवर वीजही करायची होती.

गॅस अंदाजापेक्षा खूपच कमी निघाला. वीजनिर्मितीचा बेत मागे पडला. गॅसचा अंदाज बांधणारी गणिती प्रारूपं थंड देशांतल्या, सावकाश कुजणाऱ्या कचऱ्यावर बेतलेली असतात. मुंबईच्या उष्ण, दमट हवेत निम्म्याहून अधिक ओला असलेला कचरा पहिल्या काही वर्षांतच आपला बहुतेक मिथेन देऊन मोकळा होतो. झाकण घालेपर्यंत १९७२ ते २००७ मधल्या कचऱ्यातला मोठा वाटा हवेत गेलेला होता. उघड्या ढिगात वरच्या थरांना हवा लागत राहते, तिथे मिथेन तयारच होत नाही. आगी लागल्या त्यात सेंद्रिय भाग जळून गेला. आतलं पाणी नळ्यांत चढलं. भर म्हणजे कार्बन क्रेडिटचा बाजारच कोसळला. २००८ मध्ये वीस युरोंच्या वर गेलेला एका क्रेडिटचा भाव २०१२ संपता संपता एका युरोच्याही खाली आला. ज्या उत्पन्नावर हे सगळं उभं करायचं होतं, तेच नाहीसं झालं.

तरीही मी गोराईला फसलेला प्रयोग म्हणणार नाही. चारकोप-गोराईच्या रहिवाशांच्या नाकासमोरचा दुर्गंध गेला, धूर थांबला, खाडीत जाणारं काळं पाणी अडलं. एका शहराने आपला कचऱ्याचा डोंगर जबाबदारीने बंद केला, हे काम ५० कोटींत स्वस्तातच झालं. फक्त त्या कामाचा खर्च ऊर्जेच्या विक्रीतून निघेल ही अपेक्षा चुकीची होती. आरोग्याचा खर्च आरोग्याचा म्हणूनच करायचा असतो. त्याला नफ्याच्या प्रकल्पाचे कपडे चढवले की आकडे कमी पडले तसा उत्साहही ओसरतो आणि देखभाल थांबते.

कांजूरमार्गला मुंबईने निराळी पद्धत धरली. तिथे कचरा बंदिस्त कप्प्यांत भरून त्यातलंच पाणी पुन्हा त्यात फिरवतात, म्हणजे कुजणं लवकर होतं आणि गॅस सुरुवातीपासून नळ्यांत येतो. याला बायोरिॲक्टर म्हणतात. गोराईच्या चुकीवरचा हा उतारा आहे आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरही आहे. तिथल्या गॅसवर सुमारे एक मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा राहिला. पण तिथे रोज येणारा कचरा पाच हजार टनांच्या आसपास आहे. एक मेगावॅट म्हणजे इंजिन अखंड चाललं तरी दिवसाला २४ हजार युनिट, टनामागे पाच युनिटसुद्धा नाहीत. आणि विक्रोळी-कांजूरच्या रहिवाशांची दुर्गंधीची तक्रार न्यायालयापर्यंत गेलीच. एवढ्या मोठ्या ढिगात मिसळलेला कचरा घातल्यावर त्याच्यावर माणसाचा पूर्ण ताबा राहत नाही, हेच यातून दिसतं.

शिवाय कायदाही आता डोंगराच्या बाजूने राहिलेला नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी सांगितलं की कचराभूमीत फक्त असाच कचरा जावा जो कुजत नाही, जळत नाही, पुन्हा वापरता येत नाही. हा नियम मनापासून पाळला तर नव्या कचराभूमीतून गॅस निघायलाच नको. जुने ढीग खणून, चाळून, माती, प्लॅस्टिक, दगड वेगळे करण्याचं बायोमायनिंग स्वच्छ भारत मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात देशभर सुरू झालं. एकदा ढीग उपसायचा ठरला की त्यात गॅसच्या विहिरी खोदण्यात अर्थ उरत नाही. हे फक्त आपल्याकडेच घडतंय असं नाही. युरोपने १९९९ च्या निर्देशाने कुजणारा कचरा जमिनीत पुरण्यावर टप्प्याटप्प्याने मर्यादा आणल्या. कोरियाने २००५ पासून अन्नाचा कचरा थेट पुरायला बंदी केली. प्वेंते हिल्स २०१३ मध्ये बंद झाली. ज्यांनी डोंगराच्या गॅसमध्ये नाव कमावलं तेच देश आता डोंगरात ओला कचरा जाऊ नये म्हणून झटत आहेत.

मग नाशिकने काय केलं? विल्होळीला, खतप्रकल्पाच्या आवारात, महापालिका आणि जर्मनीची जीआयझेड संस्था यांनी मिळून कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प उभा केला. पैसा जर्मन पर्यावरण मंत्रालयाच्या हवामान निधीतून आला, जागा महापालिकेची. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो सुरू झाला. यातली कल्पना मला आजही राज्यात दखल घेण्याजोगी वाटते. दोन अशा गोष्टी एकत्र आणायच्या ज्या कुणालाच नको असतात: हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांच्या सेप्टिक टँकमधला मैला. क्षमता दिवसाला ३० टनांची, त्यात दहा ते पंधरा टन ओला कचरा आणि उरलेला मैला. उद्दिष्ट दिवसाला ३,३०० युनिट विजेचं, महिन्याला ९९ हजार.

ही जोडी विचारपूर्वक लावलेली आहे. नुसतं अन्न टाकीत घातलं तर ते झपाट्याने आंबतं, आम्ल साचतं आणि मिथेन करणारे जिवाणू बसकण मारतात. नुसत्या मैल्यात नत्र खूप, कर्ब थोडा, आणि गॅस अगदी बेताचा. दोन्ही मिसळले तर आंबटपणा आटोक्यात राहतो आणि गॅस वाढतो. घरी दही लावणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. विरजण किती, दूध किती कोमट, रात्री थंडी किती, यावर सगळं असतं. टाकीचंही तसंच. तिला साधारण ३५ अंशांची ऊब लागते. निफाडला पारा एक आकडी उतरतो त्या डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत नाशिकमधल्या टाकीला ऊब पुरवावी लागते, इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेचा तिथे उपयोग होतो. आणि मैल्याचा टँकर कुठल्याशा नाल्यात रिकामा होण्याऐवजी इथे रिकामा झाला, तर तो नंदिनी आणि गोदावरी या नद्यांचा फायदा आहे. विजेच्या मीटरवर तो कधीच दिसणार नाही.

आता आकड्यांकडे पुन्हा पाहा. ३० टनांतून ३,३०० युनिट म्हणजे टनाला ११० युनिट. कांजूरमार्गच्या पाच युनिटांशी ही तुलना काटेकोर नाही. एक आकडा उद्दिष्टाचा आहे, दुसरा उभारलेल्या क्षमतेचा, आणि दोन्हीकडचा कचराही वेगळा. तरी एवढा मोठा फरक नुसत्या हिशेबाच्या पद्धतीने पडत नाही. निवडून वेगळा ठेवलेला ओला कचरा बंद टाकीत गेला तर त्यातली ऊर्जा हाती लागते. मिसळून डोंगरावर गेला तर लागत नाही.

अडचण कुठे येते? टाकीच्या पोटात काय जातं तिथे. हॉटेलच्या ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या, चमचे, कप, काचेचे तुकडे, रबर आलं की कचऱ्याचा लगदा करणारा पल्पर अडतो, पंप बंद पडतो, टाकीच्या तळाशी गाळ बसतो. टाकी काही काळ उपाशी राहिली की आतले जिवाणू मरतात, आणि त्यांना पुन्हा उभं करायला आठवडे लागतात. असे प्रकल्प बंद पडतात तेव्हा बातमी "यंत्रणा नादुरुस्त" अशी येते. खरं कारण बहुतेकदा बादलीत असतं. पुण्यात महापालिकेने पाच-पाच टनांची छोटी बायोगॅस संयंत्रं ठिकठिकाणी बसवली. त्यांचाही अनुभव हाच आहे. तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक दारोदार जाऊन कचरा वेगळा घेतात. त्यांचं काम हा या साखळीतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी मोबदल्याचा दुवा आहे. गॅसच्या प्रकल्पाला कोट्यवधी रुपये मंजूर होतात आणि निवडणाऱ्या हातांना हातमोजेही वेळेवर मिळत नाहीत, हे चित्र बदलल्याशिवाय कुठलीही टाकी भरपेट चालणार नाही.

इथून प्रश्न सातपूरचा होतो. सातपूर एमआयडीसीत महिंद्र, बॉश, सिएट, एबीबी यांच्यासारखे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या आधाराने वाढलेली शेकडो लहान युनिटं. मोठ्या कारखान्यांत पाळ्यांमागून पाळ्या जेवतात. कॅन्टीनचा कचरा हा शहरातला सर्वांत एकसारखा, सर्वांत सहज वेगळा ठेवता येणारा ओला कचरा आहे. एकाच जागी निर्माण होतो, ठरलेल्या वेळी निर्माण होतो, त्याच्यावर देखरेख ठेवणारा माणूस आधीच पगारावर असतो. २०१६ च्या नियमांनी दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक मानलं आणि कचरा वेगळा ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक केलं. नव्या औद्योगिक वसाहतींत पुनर्वापराच्या सोयींसाठी पाच टक्के जागा किंवा पाच भूखंड राखावेत असंही त्यात होतं. सातपूर त्याच्या कितीतरी आधी वसलं. पण एखादा बंद पडलेला शेड शोधायला कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. चेन्नईजवळच्या महिंद्र वर्ल्ड सिटीत दिवसाला आठ टन अन्नाच्या कचऱ्यावर बायो-सीएनजी करणारं संयंत्र उभं राहिलं आहे. तेच काम त्याच समूहाच्या सातपूरच्या दाराशी अशक्य कसं मानायचं?

आणि सातपूरला वीज करण्यापेक्षा उष्णता घेणं परवडेल. गॅसवर चालणारं इंजिन त्यातल्या ऊर्जेच्या एक तृतीयांश ते दोन पंचमांश भागाचीच वीज करतं, उरलेली उष्णता बहुधा हवेत जाते. तोच गॅस पावडर कोटिंगच्या ओव्हनमध्ये, बॉयलरमध्ये, कॅन्टीनच्या शेगडीवर थेट जाळला तर त्यातला मोठा भाग कामी येतो आणि इंजिनाची निगा ठेवायची कटकट वाचते. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या बीएमडब्ल्यूच्या कारखान्याने पामेटो कचराभूमीतून सुमारे पंधरा किलोमीटरची नळी टाकून २००३ मध्ये हा गॅस कारखान्यात आणला. मोटारी बनवणाऱ्या गावाला हा वापर शोभतो, आणि सातपूर मोटारी बनवणारं गाव आहे.

दुसरी वाट वाहनांची. टाकीतला गॅस शुद्ध करून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढला की ९० टक्क्यांच्या वर मिथेन असलेला सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस, मिळतो, आणि तो सीएनजीच्या गाडीत कुठलाही बदल न करता चालतो. डोंगरातल्या गॅसचं हे करायला गेलं तर ओढताना शिरलेल्या हवेतला नायट्रोजन वेगळा काढणं फार महाग पडतं. हा टाकीचा आणखी एक फायदा. इंदूरमध्ये १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून १७ हजार किलो सीबीजी अशी आहे, टनाला सुमारे ३१ किलो. नाशिकची सिटीलिंक बससेवा ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली तेव्हा ठरलेल्या २५० गाड्यांपैकी २०० सीएनजीच्या होत्या. नाशिकने रोज शंभर टन चांगला ओला कचरा वेगळा काढला तर इंदूरच्या दराने तीन हजार किलो गॅस होतो. शहरात दोनशे किलोमीटर धावणाऱ्या एका बसला पन्नास-साठ किलो लागतात असं धरलं तर पन्नासेक गाड्या त्यावर चालतील. त्र्यंबक रोडवरून सातपूरकडे येणाऱ्या चार सीएनजी बसपैकी एक नाशिककरांच्या ताटातल्या उष्ट्यावर धावेल.

विकत कोण घेणार, हाही प्रश्न पूर्वीइतका कठीण राहिलेला नाही. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आणली आणि तेल कंपन्या सीबीजी विकत घेऊ लागल्या. २०२५-२६ पासून शहरी गॅस कंपन्यांना आपल्या सीएनजी आणि घरगुती गॅसच्या विक्रीत एक टक्का सीबीजी मिसळण्याचं बंधन ठरलं, ते २०२८-२९ पर्यंत पाच टक्क्यांवर जायचं आहे. नाशिकमध्ये महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचं जाळं पसरतंय. म्हणजे गॅस तयार झाला तर गिऱ्हाईक दाराशी आहे. तरीही गॅसच्या विक्रीतून सगळा खर्च निघेल असं मी म्हणणार नाही. गोराईने तो भ्रम फेडला आहे. कचरा वाहून नेणं आणि त्याची विल्हेवाट लावणं याला शहर आजही पैसे मोजतं. तेच पैसे टाकीला टनामागे दिले, गॅसची विक्री जोडली, निघणारी स्लरी द्राक्षबागांना आणि कांद्याच्या शेतांना खत म्हणून गेली, तर हिशेब जमतो. त्यातला एकही पाय काढला तर जमत नाही.

खतप्रकल्पावरच्या जुन्या ढिगाचं काय, असं वाचक विचारतील. तो उपसावा, चाळावा, जागा मोकळी करावी. उपसताना मिथेन मोजत राहावा, कामगारांना मास्क आणि गॅस-डिटेक्टर द्यावेत, आगीची तयारी ठेवावी. त्यातून वीज निघेल असं कुणी सल्लागार सांगू लागला तर त्याच्याकडे प्रत्यक्ष विहीर खोदून निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा गॅस मोजल्याची नोंद मागावी. गणिती अंदाजावर निविदा काढू नये.

२०२७ च्या सिंहस्थाला लाखो माणसं नाशिकला येतील. भंडाऱ्यांचं उरलेलं अन्न, निर्माल्य, पत्रावळी, तात्पुरत्या शौचालयांतला मैला हे सगळं म्हणजे विल्होळीच्या टाकीत घातलेल्या त्याच दोन गोष्टींचं मिश्रण आहे, फक्त कितीतरी पटींनी मोठं. शंभर टनांची टाकी बांधून, तिच्यातले जिवाणू रुळवून ती चालती करायला वेळ लागतो. पर्वणीच्या महिन्यात ते होत नाही. म्हणून सातपूरमधल्या कारखान्यांच्या कॅन्टीन चालवणाऱ्यांना, 'निमा' या उद्योजकांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना आणि त्र्यंबक रोडवरच्या हॉटेलमालकांना माझी विनंती आहे. महापालिकेच्या निविदेची वाट न पाहता उद्यापासून दोन डबे वेगळे ठेवा, महिनाभर ओल्या कचऱ्याचं वजन रोज वहीत लिहा, आणि ती वही घेऊन एकत्र बसा. टाकी किती मोठी हवी, हे त्या वहीतूनच ठरेल.